आधी मालक विचारा

मघाशी तुमच्या लॅबमध्ये एका मुलानं मला स्क्रीन दाखवली. लिनक्सवर त्यानं स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची फाईल, चालेना, 'परमिशन डिनाइड' (परवानगी नाही) येत होतं. शेवटी सुडो लावून, म्हणजे अॅडमिनच्या अधिकारानं, त्यानं सीएचमॉड ७७७ ही परवानगी बदलायची कमांड दिली आणि ती स्क्रिप्ट चालली. आज लातूरला येताना बोलायचं वेगळंच ठरवलं होतं, पण आता यावरच बोलतो.

हा आकडा पाठ करू नका, फोडून बघा. वाचण्याचे (आर) ४, लिहिण्याचे (डब्ल्यू) २, चालवण्याचा (एक्स) १. हवं ते धरा आणि बेरीज करा. पहिला अंक फाईलच्या मालकाचा, दुसरा तिच्या ग्रुपचा म्हणजे ठरावीक युजरच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. ६४४ म्हणजे मालकानं वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. तुम्ही मालक असाल तर सिस्टिम फक्त पहिला अंक बघते, पुढे जातच नाही. स्वतःच्या एखाद्या फाईलला ०४४ देऊन बघा. बाकीचे वाचतील, तुम्हाला वाचता येणार नाही!

खरा घोळ होतो तो फोल्डरपाशी. फोल्डर काय चालवायचं? आमच्या आजोळी माळवदाचा वाडा होता. माजघराचं दार सताड उघडं असलं, तरी ढाळज ओलांडल्याशिवाय तिथवर पोचता येत नसे. फोल्डरचा एक्स म्हणजे ढाळज ओलांडायची मुभा. आर म्हणजे आत काय काय आहे त्याची नुसती यादी. यादी दिसत नसली तरी फाईलचं नाव ठाऊक असेल, तर एक्सच्या जोरावर तिच्यापर्यंत जाता येतं. फाईल खोडणं तर फोल्डरच्या डब्ल्यूवर असतं, फाईलच्या नाही. म्हणून ४४४ दिलेली फाईलसुद्धा उडते. टीएमपी या तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरमध्ये सगळ्यांनाच लिहायचं असतं, म्हणून तिथं १७७७ असतं. पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट: दुसऱ्याची फाईल साध्या युजरला खोडता येत नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत मीही अपलोडच्या फोल्डरला ७७७ दिलं होतं. सर्व्हर शेअर्ड होता, म्हणजे एकाच मशिनवर अनेकांची खाती. शेजारच्या खात्यातून कुणीतरी तिथं एक पीएचपी फाईल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, ठेवली आणि आमच्या गिऱ्हाइकाची साइट दोन दिवस बंद राहिली. त्यांच्यासमोर मान वर करवेना.

तर त्या मुलाची स्क्रिप्ट. आम्ही दोघांनी 'एलएस -एल' करून बघितलं; त्यात फाईलचा मालक आणि परवानगी दिसते. मालकाच्या जागी रूट, म्हणजे सिस्टिमचा अॅडमिन! घरच्या फोल्डरमधून त्यानं ती सुडोनं कॉपी केली होती. मूळ परवानगी ७०० होती, म्हणजे मालकाला सगळं, इतरांना शून्य. आपल्याच स्क्रिप्टला तो परका झाला होता. ७७७ नं ती चालली खरी, पण आता लॅबमधला कुणीही ती बदलू शकत होता. सीएचओन या मालक बदलायच्या कमांडनं मालकी त्याच्या नावावर केली, परवानगी परत ७०० केली, आणि त्यानं एंटर दाबलं. चालली.