ठाण्याला आलेली गाडी कोणी शोधली?

मंडळी, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० प्रवाशांना घेऊन आपल्या ठाण्याला आली, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनांची नावेही आपण कौतुकाने सांगतो. पण ही गाडी शोधली कोणी, असे कोणी विचारले तर एक नाव घेता येत नाही. ते का घेता येत नाही, याचा विचार आज करायचा आहे.

रूळ आले खाणींतून. कोळशाच्या वाघिणी घोड्यांना सहज ओढता याव्यात म्हणून इंग्लंडातल्या खाणींपाशी लाकडी रूळ टाकत असत. वाफेचे इंजिनही खाणींतलेच, पण निराळ्या कामाचे: टॉमस न्यूकमेनने १७१२ मध्ये उभे केलेले अजस्र यंत्र जागेवरून न हलता खाणीत साचलेले पाणी उपसत असे. या दोन गोष्टी जवळजवळ शतकभर शेजारी शेजारी नांदल्या, तरी एकीला दुसरीवर बसवणे कोणाला साधले नाही. १८०४ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकने वेल्समध्ये १० टन लोखंड आणि सत्तरेक माणसे ओढणारे इंजिन रुळांवर चालवले, तर त्याच्या भाराने ओतीव लोखंडाचे रूळच तुटू लागले. घडीव लोखंडाचे लांब रूळ लाटण्याची रीत १८२० मध्ये जॉन बर्किनशॉने काढली. पुढे १८२९ साली इंग्लंडात रेनहिल इथे झालेल्या इंजिनांच्या चाचणीत स्टीफन्सन पितापुत्रांचे ‘रॉकेट’ जिंकले, त्याच्या बॉयलरमधून अनेक बारीक नळ्या नेलेल्या होत्या, आणि ती सूचना रेल्वे कंपनीचे चिटणीस हेन्री बूथ यांची होती. कचेरीतल्या माणसाची सूचना यंत्रज्ञांनी ऐकून घेतली, हे मला त्या नळ्यांइतकेच महत्त्वाचे वाटते.

कल्पना एकत्र आल्या की प्रगती होते, हे म्हणणे सोपे आहे. त्या एकत्र येतात कशा, हे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमध्ये नीट दिसते. तिथे तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या, पण कोळसा नव्हता. तो वेल्सहून जहाजाने आणावा लागे आणि महाग पडे. जेम्स वॉटने १७६९ मध्ये वेगळ्या संघनकाचे, म्हणजे वापरलेली वाफ थंड करण्याच्या स्वतंत्र भांड्याचे, पेटंट घेतले होते आणि संसदेकडून त्याची मुदत १८०० पर्यंत वाढवून घेतली होती. त्याच्या इंजिनामुळे जो कोळसा वाचे, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा त्याची कंपनी मोबदला म्हणून घेत असे. वॉटची थोरवी वादातीत आहे, पण त्याच्या पेटंटच्या छायेत इतरांच्या सुधारणा खुरटल्या, हेही खरे. पेटंट संपल्यावर, १८११ पासून, जोएल लीन या खाणव्यवस्थापकाने एक मासिक अहवाल सुरू केला. कोणत्या खाणीतले इंजिन, त्याची रचना कशी, ते कोणाच्या देखरेखीखाली चालते आणि एक बुशेल (तेव्हाचे एक माप) कोळशात त्याने किती पौंड पाणी एक फूट वर चढवले, हे सारे त्यात नावानिशी छापले जाई. कोणाचे इंजिन ढिले पडले हे सगळ्यांना दिसे, आणि कोणाचे सुधारले तेही. ट्रेव्हिथिकने १८१२ मध्ये तिथे उभारलेल्या उच्च दाबाच्या इंजिनाचे पेटंटच घेतले नाही. पुढच्या तीनेक दशकांत तिथल्या इंजिनांची सरासरी कामगिरी जवळजवळ तिपटीवर गेली, आणि त्यामागे कोणा एकाचा मोठा शोध नव्हता.

आता आपल्याकडे पाहू. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, पण रोमन लिपीत. सुरतेच्या भीमजी पारेख या व्यापाऱ्याने १६७० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीकडून मुद्रक मागवला. मुद्रक आला, पण त्याला देशी अक्षरांचे खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, पाडता येत नव्हते. खिळे पाडणारा हात मिळाला तो बंगालमध्ये. धातूवर कोरीवकाम करणारा पंचानन कर्मकार चार्ल्स विल्किन्सच्या आणि नंतर विल्यम केरीच्या हाताखाली काम करू लागला, आणि केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र निघाले १८३२ साली. सुमारे अडीचशे वर्षे यंत्र आपल्या किनाऱ्यावर होते, पंडित होते, धातूची नक्षी कोरणारे कारागीरही होते. एका खोलीत बसलेले मात्र कोणी नव्हते. आपल्याकडे लिहिणाऱ्याची जात वेगळी आणि घडवणाऱ्याची वेगळी, आणि घडवणाऱ्याची विद्या घराबाहेर न जाण्याची रीत. या विलंबाचे मोठे कारण मला त्यात दिसते. परक्या सत्तेला दोष देण्याआधी हे मान्य करायला हवे.

ही रीत संपली, असे समजायचे कारण नाही. आपल्या ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या लहान गाळ्यांत डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवणाऱ्या कारागिराला कोणते पोलाद किती तापवले की तडकते, हे हाताला कळते. ड्रॉइंगवर ते नसते. त्याने नोकरी बदलली तर ती विद्या शेजारच्या गाळ्यात जाते, तो निवृत्त झाला तर त्याच्या गावी. लीनसारखे एखादे मासिक पत्रक इथे काढावे, कारागिरांच्या नावासकट, असे मला वाटते. धंद्याचे गुपित उघडे पडेल, अशी मालकांची शंका असेल आणि ती खोटी नाही. कॉर्नवॉलच्या भागधारकांचे पैसे एकाच वेळी अनेक खाणींत गुंतलेले असत, त्यामुळे शेजारच्या खाणीचा फायदा त्यांना खुपत नसे. वागळे इस्टेटमध्ये तशी सोय नाही. म्हणून अशा पत्रकात कोणती माहिती द्यायची, कोणती राखून ठेवायची आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, हे गाळेधारकांनीच एकत्र बसून आधी ठरवावे लागेल.