डोस जानेवारीतला, गोळी मे महिन्यातली

नागपूर. मे महिना, दुपारचे दोन वाजलेत. रस्त्यावर जी चार माणसं दिसताहेत त्यांचे फक्त डोळे दिसतात, बाकी सगळं दुपट्ट्यात गुंडाळलेलं. आवाज म्हणाल तर खिडक्याखिडक्यांतून कूलरचा. पारा ४५ ला टेकलाय आणि त्याचं इथे कुणाला फारसं काही वाटत नाही, २३ मे २०१३ ला याच शहरात ४७.९ नोंदवलं गेलंय, त्यामुळे ४५ म्हणजे "हो, आहे थोडं ऊन".

आता जरा आत येऊ, स्वयंपाकघरात. फ्रीजच्या डोक्यावर हा स्टीलचा डबा बघा, पूर्वी यात चकल्या असायच्या, आता गोळ्या असतात. डबा माझ्या मावशीचा, मावशी ६८ वर्षांची. बीपीची एक गोळी आहे, टेल्मिसार्टन, आणि त्याच गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं, म्हणजे आपण जिला लघवीची गोळी म्हणतो ती. शुगरसाठी मेटफॉर्मिन. पायांची आग होते म्हणून रात्री अर्धी अमिट्रिप्टिलिन. आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, ही मात्र कुणी लिहून दिलेली नाही, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सुटी आणलेली.

मागच्या मे मध्ये हीच मावशी यवतमाळला एका लग्नाला गेली. लालपरीने. सकाळी सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या, त्या बाबतीत ती एकदम पक्की आहे. पाणी मात्र प्यायली नाही. का, तर वाटेत बाथरूमची सोय कुठे असते बायकांना? हे कुठल्याच उष्माघाताच्या पोस्टरवर लिहिलेलं नसतं बघा, पण आपल्याकडच्या किती बायका प्रवासात मुद्दाम तहान मारतात ते घरोघरी विचारा. मंडपात पोचली, जेवायला बसली, उठली, आणि डोळ्यासमोर अंधार. "काही नाही बाप्पा, थोडं गरगरून राहिलं," असं म्हणत होती. कुणीतरी नाकाशी कांदा धरला. संध्याकाळी दवाखान्यात रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण आलेला.

झालं काय होतं, तर उन्हात शरीर स्वतःला थंड ठेवायला दोनच गोष्टी करतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या करून गरम रक्त वर आणतं, आणि घाम काढतं. विदर्भातली हवा इतकी कोरडी की घाम आला आला म्हणेपर्यंत उडून जातो, शर्ट ओला होत नाही, संध्याकाळी काळ्या शर्टवर मिठाचे पांढरे डाग दिसले की मग कळतं किती पाणी गेलं ते. आता मावशीचा डबा परत बघा. रक्तवाहिन्या उन्हाने आधीच सैलावलेल्या, त्यात बीपीची गोळी त्यांना अजून सैल करते. घामातून पाणी आणि मीठ जातंय, लघवीची गोळी तेच दोन्ही अजून बाहेर काढते. अशा वेळी किडनी स्वतःचा रक्तपुरवठा कसाबसा सांभाळत असते आणि तिचे ते हातपाय डायक्लोफेनॅक बांधून टाकतं. या तिघी एकत्र आल्या की किडनीला त्रास होऊ शकतो हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत असतं, फक्त तिसरी गोळी चालू आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. राहिली ती रात्रीची अर्धी गोळी, दिसायला एवढीशी, पण अमिट्रिप्टिलिन घामच कमी करते.

यात चूक गोळ्यांची नाही हो. मावशीचा डोस ठरला जानेवारीत, तेव्हा ती स्वेटर घालून दवाखान्यात गेली होती. तोच डोस मे मध्ये, त्याच आकड्याने चालू राहिला आणि मधे कुणी विचारलंच नाही. आपण कूलरची खस दरवर्षी मार्चमध्ये बदलतो की नाही, मग गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडे एक चक्कर का नको. मनाने गोळी बंद करू नका, बीपी उसळलं तर ते वेगळंच प्रकरण. पण "डॉक्टर, उन्हाळ्यात हेच चालू ठेवायचं का" एवढं विचारायला काय जातं? आणि जाताना पूर्ण डबा न्या, सुट्या आणलेल्या गोळ्यांसकट.

अजून काही गोळ्या आहेत ज्यांच्याबद्दल घरात कुणी मोठ्याने बोलतच नाही, मनाच्या आजाराच्या. ओलान्झापिनसारख्या गोळ्या मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्रच थोडं गडबडवू शकतात. लिथियमचं तर अजून नाजूक, शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते, रक्तात त्याचं प्रमाण चढतं, आणि मग हात जोरात थरथरतात, चालताना तोल जातो, उलट्या होतात. घरच्यांना वाटतं ऊन लागलं असेल, झोपू दे. झोपू देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. हार्टसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्यांचे ठोके हव्या त्या वेगाने वाढत नाहीत, त्यांनी दुपारी गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायला जाऊच नये, सकाळी सातला काय ते उरका.

आणि हे "भरपूर पाणी प्या" पण सगळ्यांना सारखं लागू होत नाही. ज्याचं हार्ट कमजोर आहे, ज्याला डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलंय, त्याने फॉरवर्ड मेसेज वाचून चार लिटर ढोसायचं नाही, आपला आकडा विचारून घ्यायचा. नारळपाणी चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि किडनी अधू असेल किंवा टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (लघवीच्या गोळीचाच एक प्रकार) चालू असेल तर आधीच पोटॅशियम चढायची शक्यता असते, त्यामुळे रोज दोन-दोन शहाळी नकोत. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, अर्ध्या ग्लासात नाही, आणि बीपीवाल्यांनी ते सरबतासारखं रोज पिऊ नये. उलट्या-जुलाब सुरू झाले तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन (हीपण शुगरची गोळी), लघवीची गोळी यांचं काय करायचं ते त्याच दिवशी फोन करून विचारा, उद्यावर ढकलू नका.

बरं, गोळ्यांनाही ऊन लागतं. फ्रीजच्या डोक्यावर नेहमी कोमट असतं, हात लावून बघा, आणि मावशीचा डबा तिथेच. साध्या गोळ्या तशा चिवट असतात, लगेच फेकायला धावू नका, पण थायरॉइडची गोळी, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी आणि इन्सुलिन, या तिघांना जपा. स्कूटीच्या डिक्कीत किंवा बंद कारमध्ये तर काहीच ठेवू नका, दम्याचा पंप पण नाही, त्या डबीत प्रेशर असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, म्हणजे फ्रीजच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाला चिकटून नाही, एकदा गोठलं की ते वाया.

फ्रीज नाही, किंवा लाइट सहा-सहा तास जाते, तिथे काय? हे बघा. मोठं मातीचं मडकं, त्यात छोटं मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, आणि आतल्या मडक्यात झाकणाच्या डब्यात चालू असलेलं इन्सुलिन, पाण्यात थेट बुडवायचं नाही. वर ओलं फडकं. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. जी कोरडी हवा आपला घाम पळवते तीच इथे मडकं गार करते, म्हणून हा जुगाड विदर्भात मस्त चालतो, मुंबईच्या दमट हवेत तेवढा नाही चालणार. फ्रीजची बरोबरी नाही होत, पण ४० डिग्रीच्या खोलीत उघड्यावर ठेवण्यापेक्षा शंभर पट बरं.

आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग चटके बसतील इतकं तापलं, तर पॅरासिटामॉल शोधत बसू नका, उष्माघाताच्या तापावर ते काम करत नाही. १०८ ला फोन, सावली, अंगावर पाणी, पंखा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. घाम येत नाही म्हणून "बरं आहे" समजू नका, गोळ्यांमुळे पण घाम बंद झालेला असतो.

या वर्षी मार्चमध्ये मावशी डबा घेऊन डॉक्टरकडे गेली. त्यांनी एक गोळी बदलली, डायक्लोफेनॅक बंद केलं, त्यावर ती अजून रागावलेली आहे, गुडघा काय तुम्ही वागवणार का म्हणते. डबा आता मधल्या खोलीत, देव्हाऱ्याखालच्या कपाटात. परवा परत लग्न होतं, वर्ध्याला. बाटली घेऊन गेली, आणि सेलूला एसटी थांबवायला लावून उतरली. कंडक्टर कुरकुरला म्हणे. "कुरकुरू दे," मावशी म्हणाली, "माह्या किडनीचं तिकीट त्यानं फाडलं काय?"