मशीनगनची किंमत : १९३४चं रजिस्टर आणि १९८६चं कुलूप

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर दोन सालं छापली आहेत, त्यामुळे अर्धे लोक इतिहासाचं भाषण समजून आले असतील आणि अर्धे बंदुकीचं. दोघांचीही सोय आहे. समोर पहिल्या दोन रांगांत खडकीच्या आणि वरणगावच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली मंडळी बसलेली दिसतात. ज्यांनी आयुष्यभर काडतुसं बनवली त्यांच्यापुढे मी काडतुसांवर बोलणार, म्हणजे कीर्तनकारांच्या मेळाव्यात मी अभंग म्हणणार. (हशा) कुठे काही चुकलं तर हात वर करा, मी थांबेन.

मी राहतो अॅरिझोनात. तिथे साध्या नागरिकाला, म्हणजे सैनिक नाही, पोलीस नाही, तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला, मशीनगन कायदेशीरपणे घरात ठेवता येते. एकदा चाप ओढला की चाप सोडेपर्यंत गोळ्या सुटत राहतात, तीच मशीनगन. टेक्सस, नेवाडा, केंटकी इथेही चालतं. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत चालत नाही. हे इथे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे दुकानात जायचं आणि घेऊन यायचं?’ तसं मुळीच नाही. अर्ज भरायचा, फोटो लावायचे, बोटांचे ठसे द्यायचे, स्थानिक पोलीसप्रमुखाला अर्जाची प्रत पाठवायची, दोनशे डॉलर कर भरायचा आणि वाट बघायची. वर्षानुवर्षं ही वाट आठ-दहा महिन्यांची असायची. अर्ज संगणकावरून भरता यायला लागल्यापासून ती बरीच आटोपली आहे. नंतर ती बंदूक दुसऱ्या राज्यात न्यायची असली, तरी आधी लेखी परवानगी घ्यावी लागते.

हे सगळं आलं १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टमधून. त्याआधी अमेरिकेत मशीनगन खरोखरच दुकानात मिळायची. निवृत्त जनरल जॉन थॉम्पसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या खंदकांसाठी हातात धरून चालवायची मशीनगन काढली. ती तयार होईपर्यंत युद्ध संपलं होतं. १९२१मध्ये कोल्ट कंपनीने अशा पंधरा हजार बनवल्या आणि गिऱ्हाईक मिळेना. किंमत दोनशे डॉलरच्या आसपास, आणि तेव्हा नवी फोर्ड मोटार चारशेच्या आसपास मिळत होती. मग दारूबंदीच्या काळात टोळ्यांना ही बंदूक सापडली. १४ फेब्रुवारी १९२९ला शिकागोच्या एका गॅरेजमध्ये सात माणसं भिंतीला उभी करून मारली, त्यात दोन थॉम्पसन वापरल्या होत्या. पाच वर्षांनी कायदा आला. त्याने बंदी घातलीच नाही. नोंद करा म्हणाला, आणि दोनशे डॉलर कर भरा म्हणाला. वस्तू दोनशेची आणि कर दोनशेचा. पुण्यात असा कर लावून बघा, मंडईपासून मोर्चा निघेल. (हशा) आजच्या पैशात तो कर साडेचार हजार डॉलरच्या वर जातो, पण आकडा तेव्हापासून बदललेला नाही. २०२६च्या जानेवारीपासून सायलेन्सरवरचा आणि आखूड नळीच्या रायफलींवरचा हाच कर शून्य झाला. मशीनगनवर तो दोनशेच राहिला.

आता कुलूप. १० एप्रिल १९८६ला अमेरिकी प्रतिनिधिगृहात एक विधेयक चर्चेला होतं, बंदूकमालकांना सवलती देणारं. त्यात न्यू जर्सीचे विल्यम ह्यूज यांनी शेवटच्या घटकेला एक दुरुस्ती घातली. अध्यक्षस्थानी चार्ल्स रँगल होते. तोंडी मतदान झालं, दुरुस्ती मंजूर झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. तो आवाजाचा कौल खरा होता का, यावर तिथले शौकीन आजही भांडतात. १९ मेला रेगन यांनी सही केली. त्या दिवसानंतर बनलेली मशीनगन साध्या नागरिकाच्या नावावर होणार नाही. आधीच्या नोंदलेल्या तेवढ्या हस्तांतरित करता येतील. मधल्या सहा आठवड्यांत कारखानदारांनी आणि विक्रेत्यांनी रात्रंदिवस खपून शक्य तेवढ्या नोंदण्या उरकल्या, अगदी नुसत्या सांगाड्यांच्या, म्हणजे बाकीचे भाग न बसवलेल्या मूळ गाभ्यांच्यासुद्धा. आज अशा हस्तांतरणयोग्य बंदुका सुमारे पावणेदोन लाख आहेत. त्यांत भर पडणार नाही.

परिणाम काय झाला? १९८६च्या आधी एम-१६ ही लष्करी स्वयंचलित रायफल हजार डॉलरच्या आतबाहेर मिळायची. आज चांगल्या अवस्थेतली घ्यायची तर तीस ते चाळीस हजार डॉलर, म्हणजे तीस लाख रुपयांच्या घरात. पोलीस खात्याला तशीच नवीकोरी रायफल हजार-दीड हजारात मिळते. दिसायला तशीच, पण चाप ओढेल तेव्हा एकच गोळी सोडणारी नागरी रायफल सात-आठशेला मिळते. कारखान्यातली मंडळी लगेच ओळखतील की या दोन रायफलींच्या यंत्रणेत फरक मोजक्या भागांचाच आहे, आणि त्यातला कळीचा म्हणजे ऑटो सिअर. मुठीत मावणारा पोलादाचा तुकडा, दर वेळी घोडा योग्य क्षणी सोडणारा. १९८६पूर्वी नोंदलेला असा नुसता तुकडाच कायद्याने ‘मशीनगन’ ठरतो आणि अख्ख्या रायफलीच्या किमतीला विकला जातो. मुंबईच्या पागडीच्या खोलीसारखं आहे हे. पैसे भिंतींचे नसतात, हक्काचे असतात. म्हणूनच नोंदलेला सांगाडा तडकला की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण तो दुरुस्त करता येतो, बदलता येत नाही.

मग एवढे पैसे घालून लोक करतात काय? हे मला मनापासून सांगायचंय, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

अॅरिझोनाच्या वायव्येला विकिअप नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळ वर्षातून दोनदा ‘बिग सँडी शूट’ भरतं. ओसाड माळ, पाव मैल लांब फायरिंगची रांग, समोर टेकड्या. लोक ट्रेलर घेऊन येतात, मुक्काम ठोकतात. पहिल्या महायुद्धातल्या पाण्याने थंड होणाऱ्या ब्राउनिंग, जर्मन एमजी-४२, ब्रेन, स्टेन, सगळं बाहेर निघतं. रात्री ट्रेसर गोळ्या सुटतात तेव्हा टेकडीवर आपटून उडालेल्या तांबड्या रेघा आकाशात जातात. केंटकीत नॉब क्रीकला असाच प्रसिद्ध मेळा होता, तो २०२१मध्ये बंद झाला.

तिथे माझ्या शेजारच्या जागेवर एक म्हातारे गृहस्थ होते, व्हिएतनामला जाऊन आलेले. त्यांच्याकडे १९२८ची थॉम्पसन. बोलता बोलता मी त्यांना नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट सांगितली. आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. माणगाव तालुक्याचा बावीस वर्षांचा पोरगा, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. समोरच्या मशीनगनने त्यांची तुकडी जवळच्या अंतरावरून झोडपली. तुकडीचे कमांडर घाडगे सोडले तर सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही उडवले. एकाला टॉमी गनने, म्हणजे याच थॉम्पसनने, टिपलं. आणि मग मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना गाठलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे, येता-जाता बघितला असेल.

मी हे सांगून थांबलो. मला वाटलं, म्हातारबुवा ‘वा’ म्हणतील. त्यांनी विचारलं, ‘मॅगझिन वीसचं होतं की तीसचं?’ आणि बोटांवर हिशेब केला. मिनिटाला सातशेचा वेग. वीसचं असेल तर पावणेदोन सेकंद, तीसचं असेल तर अडीच. मग म्हणाले, ‘धर.’

साडेचार-पाच किलोचं धूड ते. आजकालच्या हलक्या रायफली धरलेल्या माणसाला पहिला धक्का वजनाचाच बसतो. ते म्हणाले, पुढे झुक, डावा पाय पुढे, दस्ता खांद्यात घट्ट रोव. चाप ओढल्यावर आधी आतला जड बोल्ट पुढे सरकतो, तो सरकलेला हाताला कळतो, आणि मग पहिली गोळी जाते. ही बंदूक उघड्या बोल्टवरून चालते, त्यामुळे नेम धरणं आणि गोळी सुटणं यांत एक हिसका येतो. मी नेम धरून चाप ओढला, दाबून ठेवला, नळी उजवीकडे वर चढायला लागली, ती खाली आणायचा विचार मनात येईपर्यंत बंदूक गप्प झाली होती. वीस गोळ्या गेल्या होत्या.

‘मॅगझिन बदलायला वेळ नव्हता.’ शाळेपासून हे वाक्य मी ऐकत आलो. ते किती शब्दशः खरं आहे हे मला त्या माळावर कळलं. समोर शत्रू दहा पावलांवर, हातातलं हत्यार पावणेदोन सेकंदांत रिकामं, आणि त्या पोराने पुढच्या सेकंदाला ते उलटं धरलं. काचेच्या कपाटातली बंदूक हे सांगत नाही. ती चालवावी लागते.

या शौकाची ओढ मला यात दिसते. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे डोळ्यांपुढे येतात. श्वास रोखायचा, नाडीच्या दोन ठोक्यांमध्ये गोळी सोडायची. मशीनगन हे वेगळंच काम आहे. इथे अंगाने यंत्राचा जोर पेलायचा असतो आणि तीन-चार गोळ्यांच्या छोट्या फैरीत बोट सोडायला शिकायचं असतं. मेळ्यात जे मुरलेले असतात ते कधीही मॅगझिन एका दमात रिकामं करत नाहीत. घरी त्यांचा वेळ जातो तो स्प्रिंगा, एक्स्ट्रॅक्टर आणि नळ्या शोधण्यात. ऐंशी वर्षांचं यंत्र चालतं ठेवणारे कारागीर आहेत ते.

खर्च मात्र थांबत नाही. थॉम्पसनची पॉइंट फोर-फाइव्हची गोळी चाळीस सेंटच्या आसपास, म्हणजे सेकंदाला पाच डॉलर. एम-१६ सेकंदाला सहा. एमजी-४२ मिनिटाला बाराशे गोळ्या सोडते, म्हणजे सेकंदाला वीस, आणि त्या जर्मन मापाची गोळी डॉलरच्या घरात. सेकंदाला दीड हजार रुपयांच्या वर! शिवाय अडीचशे-एक गोळ्यांनंतर तापलेली नळी काढून दुसरी घालायची. वरणगावची मंडळी मान हलवताहेत, त्यांना पटलेलं दिसतंय.

आता माझी तक्रार. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना पर्यटकांच्या गावात जाऊन ‘मशीनगन मारून’ यायचं असतं. एकदा मी सोबत गेलो. नाव घेत नाही. दारातच व्हिडिओचं पॅकेज विकलं. कसं उभं राहायचं, पाय कुठे, बोट कुठे, यावर एक अक्षर नाही. पोरगेल्याशा मुलीच्या हाती भरलेली बंदूक दिली, अडीच सेकंद धडधडाट, टाळ्या, पुढचा नंबर. मी तिथल्या माणसाशी भांडलो. कारण २५ ऑगस्ट २०१४ला अॅरिझोनातल्याच एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीला उझी ही छोटी मशीनगन स्वयंचलितवर टाकून दिली होती. नळी वर चढली, तिला पेलली नाही, आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक गेला. २००८मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये आठ वर्षांचा मुलगा असाच गेला होता. लहान बंदूक मुलांना सोपी वाटते, पण हलकी आणि वेगवान असल्यामुळे तीच जास्त उसळते. हे जाणत्या माणसाला ठाऊक असतं आणि तरी धंदा चालतो, याचा मला संताप येतो. मालकाला ठसे आणि वाट बघणं, आणि भाड्याने चालवणाऱ्याला पाच मिनिटांचं शिक्षणसुद्धा सक्तीचं नाही!

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरली. जे मांडायला आलो ते आता भराभर मांडतो.

माझं म्हणणं असं की १९३४चं रजिस्टर यशस्वी झालं आणि १९८६च्या कुलपाने सुरक्षिततेत भर घातली नाही. नोंदलेल्या मशीनगनने मालकाने खून केल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यातलं ठळक, १९८८चं ओहायोतल्या डेटनचं, ते एका पोलिसाने केलं होतं. नाव, ठसे, फोटो सरकारकडे असलेला माणूस जपून वागतो. अमेरिकेत बंदूकवाले म्हणतात नोंदणीने काही होत नाही, बंदीवाले म्हणतात बंदीवाचून काही होत नाही. दोघांच्याही डोळ्यांसमोर नव्वद वर्षांचा हा दाखला आहे आणि दोघेही त्याचं नाव काढत नाहीत.

धोका आला तो रजिस्टरच्या बाहेरून. १९९७मध्ये नॉर्थ हॉलिवूडला दोन दरोडेखोरांनी बेकायदा फेरफार केलेल्या रायफली वापरल्या. आता पिस्तुलाला मागून बसवून ते स्वयंचलित करणारे नखाएवढे ‘स्विच’ निघालेत, तेही बेकायदा. आणि १ ऑक्टोबर २०१७, लास व्हेगास. साठ माणसं गेली. तिथे बंप स्टॉक, म्हणजे रायफलीला लावायचे सरकते दस्ते होते. धक्क्याने रायफल मागेपुढे होऊन बोटावर चाप आपटत राहतो, दर गोळीला तो नव्याने ओढला जातो, त्यामुळे व्याख्येत ती मशीनगन बसत नाही. सरकारने नियम काढून ते २०१९मध्ये बंद केले, सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २०२४ला सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला. कायद्याची भाषा १९३४ची आहे, ती अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेनेच बदलायला हवी, न्यायालयाला ते काम नाही.

म्हणून मी मागतो ते असं. बंप स्टॉक आणि तसली साधनं व्याख्येत घ्या. बेकायदा स्विचवर सगळी ताकद लावा. रजिस्टर पुन्हा उघडा, पण कर आजच्या पैशात आणा आणि प्रशिक्षण सक्तीचं करा, भाड्याने चालवणाऱ्यालाही. म्हणजे शिकलेल्या, थांबायची तयारी असलेल्या माणसाला हा शौक करता येईल. आज तो फक्त तीस लाख असलेल्याला करता येतो.

भारतात हे आणा असं मी म्हणत नाही. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात मशीनगन निषिद्ध आहे, परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात, आणि ते तसंच राहावं. आपल्याकडे मला एवढंच हवंय : अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयासारख्या ठिकाणी, लष्कराच्या देखरेखीखाली, वर्षातून एक दिवस जुनी शस्त्रं चालवून दाखवावीत. थॉम्पसन, ब्रेन, जी जी मराठा पलटणींनी वापरली ती. जाणत्या जवानांनी चालवावी, आपण मागे उभं राहून बघावं. माणगावच्या शाळेतल्या पोरांना त्या दिवशी आधी बोलवावं.