रोज दोन तास नको, पाच मिनिटं ऐका

मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना इथल्याच एका मुलाने मला विचारलं, सर मी रोज दोन-दोन तास इंग्लिश पॉडकास्ट लावून ठेवतो, काम करताना, बाईकवर, झोपताना पण, तरी डोक्यात काही शिरत नाही, आपल्याला जमणारच नाही का हे? त्याला मर्चंट नेव्हीत जायचंय. मला फार वाईट वाटलं, कारण मेहनत तो करतच होता, फक्त चुकीच्या जागी.

आता बघा, आपण 'काय करतो आहेस' असं लिहितो पण बोलताना 'काय करतोयस' म्हणतो ना, इंग्लिशवाले हेच सतत करतात. 'पिक इट अप'चं 'पिकिटप' होतं, 'अँड'चा नुसता 'न' उरतो. त्यांच्याकडे महत्त्वाच्या शब्दावर जोर आणि बाकीचे बारीक शब्द गिळून टाकायचे, आपण मराठीत जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो, त्यामुळे आपला कान पुस्तकातल्या 'अँड'ची वाट बघत बसतो आणि तोवर वाक्य निघून गेलेलं असतं.

म्हणून मी त्याला सांगितलं, बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा पॉडकास्ट घे, त्यांच्या साईटवर प्रत्येक भागाचा मजकूर पण मिळतो. त्यातली पाचच मिनिटं आधी न वाचता ऐक. मग एकेक वाक्य थांबवून कानाला जे येतं ते वहीत लिही, देवनागरीत लिहिलंस तरी चालेल, आणि मगच मजकूर उघड. जिथे फरक पडला तिथे लाल खूण. स्पीड कमी केलास तरी हरकत नाही, पण शेवटची फेरी नेहमीच्या स्पीडलाच, कारण इंटरव्ह्यूत कोणी तुझ्यासाठी हळू बोलणार नाही.

गाणी ऐकू नका असं मी म्हणत नाही, जोडून बोलायची सवय तोंडाला गाण्यानेही लागते, लिरिक्स समोर ठेवून मोठ्याने म्हणा. पण चालीसाठी शब्द ताणले जातात, जोर भलतीकडे पडतो, त्यामुळे गाणं कळलं नाही म्हणून खचू नका. गणपतीत किती घरांत 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' होतं, आणि ती तर आपली भाषा!

आणि डाऊनलोड करून ठेवा बाबांनो, स्पॉटिफायवर पॉडकास्ट डाऊनलोड करायला पैसे पडत नाहीत. पावसात लाईट जाते, रेंज जाते, कोकण रेल्वेने निघालात तर रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा.

जहाजावर जाणाऱ्यांनी फक्त लंडनचं इंग्लिश ऐकून भागणार नाही. तिथे कोण फिलिपिन्सचा, कोण युक्रेनचा, प्रत्येकाचा हेल वेगळा. गैरसमजातून अपघात होऊ नयेत म्हणून तर आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, 2001 साली जहाजावर बोलायची ठरावीक इंग्लिश वाक्यंच मंजूर केली. तेव्हा वेगवेगळ्या देशांतली माणसं बोलतायत असे पॉडकास्ट पण शोधा.

त्या मुलाने काल वही आणून दाखवली. पहिल्या पानावर लालच लाल आहे, 'वुड हॅव' त्याला दर वेळी 'वुडव' ऐकू आलंय. तेराव्या पानावर त्याने 'वुडव' लिहिलंय आणि शेजारी, मजकूर उघडायच्या आधी, स्वतःच 'वुड हॅव' लिहून ठेवलंय.