सार्जंटचा ब्रश आणि बड्या घरचे चेहरे

नमस्कार मंडळी. आज एका अशा चित्रकाराबद्दल बोलायचंय ज्याच्याकडून स्वतःचं पोर्ट्रेट करून घ्यायला लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, बॉस्टनमधली बडी बडी घराणी नंबर लावून बसायची. लॉर्ड, लेडी, बँकर, नटनट्या, अगदी अमेरिकेचा प्रेसिडेंटसुद्धा. त्याचं नाव जॉन सिंगर सार्जंट. आता अशा चित्रकाराबद्दल लोकांचं मत आधीच ठरलेलं असतं, की त्यात काय मोठंसं, श्रीमंतांना देखणं करून दाखवायचं आणि पैसे मोजून घ्यायचे. सार्जंट हयात असताना हे बोललं जायचं आणि तो गेल्यावर तर बरीच वर्षं समीक्षकांनी त्याला मोडीतच काढला होता. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही तेच आज जरा सविस्तर सांगते.

सार्जंटचा जन्म 1856 चा, इटलीत फ्लॉरेन्सला. आईवडील अमेरिकन. वडील फिलाडेल्फियात डोळ्यांचे डॉक्टर होते, पण आईला युरोपची अशी ओढ लागली की घरदार सोडून कुटुंब कायमचं इकडेच, हिवाळ्यात इथे, उन्हाळ्यात तिथे असं फिरत राहिलं. त्यामुळे पोराची शाळा अशी धड झालीच नाही, पण चार भाषा आल्या, पियानो आला, आणि आई स्वतः जलरंगात चित्रं काढायची म्हणून वही-पेन्सिल हातात कायम. स्वतःला अमेरिकन म्हणवणाऱ्या या मुलाने अमेरिका पहिल्यांदा पाहिली ती 1876 साली, म्हणजे विशीत आल्यावर.

1874 ला तो पॅरिसला कारोलुस-द्युराँ नावाच्या चित्रकाराच्या हाताखाली शिकायला लागला, आणि सार्जंट समजून घ्यायचा तर हे शिक्षण समजून घ्यायला पाहिजे. तेव्हाची नेहमीची पद्धत अशी की आधी रेखाटन पक्कं करायचं, त्यावर पातळ रंगाचे थर, ते सुकू द्यायचे, मग पुढचे थर. हे गुरुजी म्हणायचे तसं नाही, ब्रश घ्या आणि थेट रंगातच चेहरा उभा करा, ओल्यावर ओला रंग. आणि सुरुवात करायची मधल्या टोनपासून, म्हणजे ना उजेड ना सावली असा जो चेहऱ्याचा भाग असतो तिथून, मग गडद भाग, आणि नाकाच्या शेंड्यावरची, ओठावरची ती चमक सगळ्यात शेवटी. गुरूंचं दैवत होतं स्पेनचा जुना चित्रकार वेलास्केझ. सार्जंट 1879 ला माद्रिदला जाऊन वेलास्केझच्या चित्रांच्या नकला करत बसला आणि पुढच्या वर्षी हॉलंडला जाऊन तिथल्या फ्रान्स हाल्स या जुन्या चित्रकाराची चित्रं पाहून आला. ऐकायला हे सोपं वाटतं, पण ओल्यावर ओला रंग लावताना एक फटकारा चुकला की खालचा रंग मिसळून सगळा चिखल होतो, त्यामुळे हात लावायच्या आधी डोळ्यांनी ठरवायला लागतं. बघायचं जास्त, लावायचं कमी.

पॅरिसमध्ये त्याचं नाव लवकर झालं. 1882 चं बॉइट कुटुंबातल्या चार बहिणींचं चित्र बघा, सात फूट लांब-रुंद चौकोनी कॅनव्हास आणि पोरी कुठे, तर एक खाली बसलेली, एक कडेला उभी, दोन मागे अंधारात, त्यातली एक तर उंच जपानी फुलदाणीला टेकून तोंड फिरवून उभी! घरच्या मुलींच्या पोर्ट्रेटमध्ये एका मुलीचा चेहरा धड दिसत नाही, ही हिंमत सव्वीस वर्षांच्या पोराची. ते चित्र आज बॉस्टनच्या म्युझियममध्ये आहे आणि चित्रातल्या त्या खऱ्या फुलदाण्यासुद्धा त्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्यात.

आणि मग आली मादाम गोत्रो. व्हर्जिनी गोत्रो, जन्म अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा, लग्न पॅरिसच्या बँकरशी, आणि सौंदर्याची चर्चा गावभर. हे चित्र तिने मागितलं नव्हतं बरं का, सार्जंटच मागे लागला होता, कारण हिचं पोर्ट्रेट गाजलं तर पॅरिस आपलं, असा त्याचा हिशोब. 1883 च्या उन्हाळ्यात तो तिच्या ब्रिटनी भागातल्या घरी जाऊन राहिला, आणि बाईंना एका जागी बसायचा कंटाळा, त्यामुळे झोपलेली, वाचत पडलेली, पाठमोरी अशी कितीतरी स्केचेस त्याने केली. शेवटी ठरली ती पोझ म्हणजे उभी, अंगात काळा गाऊन, एक हात मागे टेबलावर पिळवटून टेकलेला, चेहरा पूर्ण बाजूला वळवलेला. ती अंगाला पावडर लावायची, त्यामुळे कातडीचा रंग पांढरट-जांभळट, आणि त्यात कान तेवढा लालसर, कारण कानाला पावडर नव्हती. हा कान मी पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हापासून मला सार्जंट खुशमस्कऱ्या आहे असं कुणी म्हटलेलं सहनच होत नाही. खुशमस्कऱ्या माणूस तो कान गालासारखा गोरा करून मोकळा झाला असता.

1884 च्या पॅरिस सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात, चित्र लागलं, नाव न देता, पण ओळखलं सगळ्यांनीच. तेव्हा गाऊनचा उजव्या खांद्यावरचा पट्टा खाली घसरलेला दाखवला होता. आपल्याकडे पदर ढळला की चार डोळे वळतात तसंच, फक्त इथे अख्खं पॅरिस वळलं. लोकांनी नाकं मुरडली, कातडी प्रेतासारखी दिसते म्हणाले, आणि बाईंची आई रडत स्टुडिओत आली की चित्र काढून घ्या, पोरीची अब्रू गेली. सार्जंटने प्रदर्शनातून चित्र काढायला नकार दिला, मी जसं दिसलं तसं काढलंय म्हणाला. नंतर मात्र पट्टा खांद्यावर रंगवून टाकला आणि चित्र स्वतःकडेच ठेवलं, तीस वर्षांहून जास्त. व्हर्जिनी 1915 ला वारली, पुढच्या वर्षी त्याने ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला हजार पौंडांना विकलं, तिचं नाव लावू नका अशी विनंती केली, आणि लिहिलं की मी केलेल्या कामात बहुधा हेच सगळ्यात चांगलं. म्हणून आज ते ‘मादाम एक्स’ म्हणून ओळखलं जातं.

त्या बोभाट्यानंतर पॅरिसमधली कामं आटली आणि 1886 ला तो लंडनला आला. तिथेही लगेच कुणी डोक्यावर घेतलं नाही, इंग्रजांना तो फारच फ्रेंच वाटायचा. मधल्या काळात इंग्लंडमधल्याच ब्रॉडवे नावाच्या गावात मित्रांच्या बागेत त्याने दोन लहान मुली चिनी कंदील लावतायत असं मोठं चित्र केलं, आणि ते फक्त संध्याकाळच्या त्या जांभळ्या उजेडात, रोज जेमतेम काही मिनिटं. 1885 चा शरद ऋतू संपला, थंडी पडली, पोरींना पांढऱ्या फ्रॉकच्या आत लोकरीचे कपडे घातले, खरी फुलं वाळली म्हणून खोटी बांधली, तरी पुरं झालं नाही आणि दुसऱ्या वर्षी परत तेच. 1887 ला हे चित्र सरकारी संग्रहासाठी विकत घेतलं गेलं तेव्हा कुठे इंग्लंडने त्याला आपला म्हटलं.

आता त्याच्या लंडनमधल्या टाइट स्ट्रीटवरच्या स्टुडिओत जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. सार्जंट ईझल, म्हणजे कॅनव्हास ठेवायचा स्टँड, समोरच्या माणसाच्या अगदी शेजारी लावायचा आणि स्वतः मागे मागे जायचा, इतका मागे की माणूस आणि कॅनव्हास दोन्ही एकाच नजरेत, एकाच मापाचे दिसावेत. तिथून बघायचा, ठरवायचा, मग झपाझप चालत येऊन एक फटकारा मारायचा आणि परत मागे. दिवसभर हीच येरझार, त्याच्या हिशोबाने चारेक मैल व्हायचे. मध्येच पियानो वाजवायचा, सिगार ओढायचा. आणि डोकं, म्हणजे चेहरा, मनासारखा आला नाही तर तो तिथल्या तिथे दुरुस्ती करत बसायचा नाही, सगळा रंग खरवडून टाकायचा आणि पहिल्यापासून सुरू. आज आपल्याला दिसतो तो शेवटचा, जमून आलेला चेहरा, आणि आपण म्हणतो काय सहज काढलंय, हातचा मळ असल्यासारखं. खरवडलेले चेहरे आपल्याला दिसत नाहीत.

कपड्यांवर तर त्याचं फार बारीक लक्ष. कुठला ड्रेस घालायचा हे तो ठरवायचा, टाचण्या लावून चुण्या स्वतः पाडायचा. ग्रॅहम रॉबर्टसन नावाचा तरुण होता, सडपातळ, 1894 साली भर उन्हाळ्यात त्याला लांब काळा ओव्हरकोट घालून उभा केला. तो बिचारा घामाघूम, तक्रार करायला लागला तर सार्जंट म्हणाला, कोट हेच तर चित्र आहे. मग रॉबर्टसनने कोटाखालचे कपडे कमी केले आणि सार्जंटने कोट त्याच्या अंगाभोवती आणखी घट्ट आवळला, त्यामुळे तो आणखीच उंच, काडीसारखा दिसायला लागला आणि सार्जंट खूश. रॉबर्टसनचा म्हातारा पूडल कुत्रा सार्जंटला रोज आल्या आल्या एकदा चावायचा आणि मग शांत झोपायचा, आणि सार्जंटला त्याचंही काही वाटायचं नाही, झालं चावून, आता कामाला लागू.

अमेरिकेचे प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्ट यांचा किस्साही असाच. 1903 साली सार्जंट व्हाइट हाऊसमध्ये राहायला गेला, उजेडाची जागा शोधत दोघं खोल्याखोल्यांतून फिरतायत, काहीच पसंत पडत नाही. जिना चढताना रूझवेल्ट वैतागून म्हणाले तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हालाच कळत नाहीये, सार्जंट म्हणाला तुम्हाला उभं कसं राहायचं ते कळत नाहीये, त्यावर रूझवेल्टनी जिन्याच्या खांबावर हात आपटून, कळत नाही काय, असं विचारलं आणि सार्जंट म्हणाला, बस, हलू नका. तीच पोझ. चित्रात तो हात बघा, अजून राग आहे त्यात.

पण मला विचाराल तर माझं सगळ्यात लाडकं चित्र लेडी ॲग्न्यूचं, 1892 चं. सहा सिटिंगमध्ये, म्हणजे सहा बैठकांत झालेलं. बाई आजारपणातून उठत होत्या, अंगात ताकद नव्हती. पांढरा ड्रेस, कमरेला फिक्या जांभळ्या रंगाचा रुंद पट्टा, फुलाफुलांच्या कापडाची खुर्ची, मागे निळसर चिनी रेशमी पडदा. तुम्ही तो जांभळा पट्टा जवळून बघा, कापड असं काही नाहीच तिथे, रुंद ब्रशचे लांब ओढलेले चार-सहा फटकारे आहेत, आणि दोन पावलं मागे सरकलं की रेशीम. आता तिचा हात, जो खुर्चीच्या कडेला धरलाय, आणि ती नजर, थेट आपल्याकडे, भुवई जरा वर. थकलेली आहे पण हार मानलेली नाही अशी बाई. एवढं सगळं नुसत्या कौशल्यातून येत नाही, समोरच्या माणसाकडे मन लावून बघितलं तरच येतं.

लंडनमधल्या आशर वेर्थहायमर या ज्यू आर्ट डीलरच्या कुटुंबाची त्याने एकूण बारा पोर्ट्रेट केली. आशरनी त्यातली बरीच देशाला देऊन टाकली, 1923 ला ती नॅशनल गॅलरीत लागली तर पार्लमेंटमध्ये एका खासदाराने त्यावर आक्षेप घेतला. लॉर्डांच्या रांगेत ज्यू व्यापाऱ्याचं घर लागलेलं काहींना खुपत होतं. सार्जंटने मात्र त्यांना ड्यूक लोकांइतक्याच जिव्हाळ्याने रंगवलं होतं, मी तर म्हणेन जास्तच.

शेवटी तो या कामाला विटला. हजार गिनी फी मिळत होती, पण समोर बसलेल्या माणसाशी गप्पा मारायच्या, नवरा म्हणणार नाक असं नाही, आई म्हणणार ओठ बरोबर नाहीत. पोर्ट्रेट म्हणजे ज्यात तोंडाचं काहीतरी चुकलेलं असतं असं चित्र, हे त्याच्या नावावर सांगतात. 1907 ला, एक्कावन्नाव्या वर्षी, धंदा ऐन भरात असताना त्याने ऑइलमधली पोर्ट्रेट घेणं जवळजवळ बंदच केलं. त्याच सुमारास ‘सर’ किताबही नाकारला, अमेरिकन नागरिकत्व सोडायचं नव्हतं. फारच गळ घातली तर चारकोलमध्ये, म्हणजे कोळशाच्या काडीने, दोन-तीन तासांत चेहरा काढून द्यायचा, अशीही शेकड्यांनी झाली. बाकी वेळ जलरंग, व्हेनिस, आल्प्स, भाचे-भाच्या सोबत. एकदा तर त्याने भाचीला काश्मिरी शाल पांघरायला दिली आणि एकाच चित्रात तिला सात वेळा वेगवेगळ्या पोझमध्ये काढलं, जणू सात बायका ओळीने चालल्यात. आपल्याकडची ती शाल त्याच्याकडे पडद्यासारखी किती तऱ्हांनी वापरली गेलीय ते बघण्यासारखं आहे.

1918 च्या मार्चमध्ये त्याची भाची रोझ-मारी पॅरिसच्या चर्चवर तोफगोळा पडून गेली. त्याच उन्हाळ्यात, बासष्टाव्या वर्षी, ब्रिटिश सरकारच्या सांगण्यावरून तो फ्रान्समध्ये आघाडीवर गेला आणि तिथे मस्टर्ड गॅस या विषारी वायूने दिसेनासं झालेल्या सैनिकांची रांग बघितली, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालणारे. ‘गॅस्ड’ हे सहा मीटर लांबीचं चित्र त्यातून आलं, लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. आयुष्यभर डोळ्यात डोळे घालून बघणारी माणसं रंगवली त्याने, आणि इथे रांगेतल्या त्या जखमी सैनिकांचे डोळेच दिसत नाहीत, डोळ्यांवर पट्ट्या. सार्जंट 1925 च्या एप्रिलमध्ये लंडनला वारला.

ही सगळी चित्रं या म्युझियमांच्या वेबसाइटवर मोठ्या साइजमध्ये आहेत, मोबाईलवर बोटांनी मोठी करून बघता येतात. आधी एडिंबराच्या म्युझियममधली लेडी ॲग्न्यू काढा आणि तो पट्टा बघा. मग मादाम एक्सचा कान. मग बॉस्टनच्या त्या चार बहिणी, आणि त्यातल्या सगळ्यात धाकटीच्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये पांढरा सोडून किती रंग आहेत ते मोजायचा प्रयत्न करा. नमस्कार.