लिनक्स मिंट २२.२, आधी पेन ड्राइव्हवरून

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय लिनक्स मिंटच्या, म्हणजे विंडोजच्या जागी चालवता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, २२.२ या आवृत्तीबद्दल. तिचं नाव झारा, आली सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि हा विषय घ्यायचं कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात नाहीतर दुकानात टेबलावरच पडलेलं असणार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. एक वर्षाची वाढीव मुदत घेता येते, पण ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ टाकावं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१५-१६ ला घेतलेला लॅपटॉप, स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, मुलांचा प्रोजेक्ट, लाइट बिल, सगळं त्यावर होतंय, आणि आता कुणीतरी सांगतं की हा बदलावा लागेल. मला हे अजिबात पटत नाही. चालतं मशीन भंगारात काढण्याआधी एक पेन ड्राइव्ह आणि एक दुपार खर्च करून बघा एवढंच माझं सांगणं आहे, आणि ती दुपार नेमकी कशी घालवायची ते आज सांगते.

आधी थोडी ओळख. लिनक्स मिंट २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्र यांनी सुरू केलं, ते उबुंटूवर उभं आहे आणि उबुंटू डेबियनवर, या दोन्ही लिनक्सच्याच सिस्टिम. उबुंटू म्हटलं की काही जणांना ते फुकट येणारे सीडीचे पाकीट आठवेल, वेबसाइटवर पत्ता टाकला की पोस्टाने घरी यायचं, २०११ पर्यंत ती योजना चालू होती आणि आपल्याकडे गावोगावच्या कॉलेजातल्या पोरांनी लिनक्स पहिल्यांदा बघितलं ते त्या सीडीवर. तेव्हा नेट महाग आणि स्लो, आता साधारण तीन जीबीची फाइल मोबाइलच्या डेटावरसुद्धा उतरते. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात, २२ ची विल्मा, २२.१ ची झिया, आणि २२.२ ची झारा. तिघींचा पाया एकच, उबुंटू २४.०४, आणि सिक्युरिटीचे अपडेट २०२९ पर्यंत मिळणार.

आता नवीन काय आहे ते. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ६.१४ आलाय, त्यामुळे नवं हार्डवेअर जास्त नीट ओळखतं. लॉगिन स्क्रीन जरा देखणी केलीय, मागचं चित्र धूसर आणि वर तुमचा फोटो. थीमचे रंग थोडे बदललेत. आणि फिंगविट नावाचं नवं अ‍ॅप आहे, लॅपटॉपला बोटाचा ठसा घ्यायची सोय असेल तर त्यात ठसा नोंदवायचा, मग स्क्रीन उघडताना किंवा सॉफ्टवेअर टाकताना पासवर्डऐवजी बोट चालतं. यात मला आवडलेली गोष्ट अशी की तुमचं होम फोल्डर एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेलं असेल तर लॉगिनला ते ठशावर भागवत नाही, पासवर्डच मागतं, कारण ते कुलूप उघडायला पासवर्ड खरोखर लागतोच. कुणीतरी विचार करून केलंय हे दिसतं. मात्र सगळे सेन्सर लिनक्सवर चालत नाहीत, तेव्हा त्याच्यासाठी म्हणून मिंट टाकू नका.

एवढंच? हो, जवळजवळ एवढंच, आणि मला वाटतं हीच या आवृत्तीची सगळ्यात चांगली बाजू आहे. मेनू खाली डावीकडे आहे तो तिथेच आहे, घड्याळ उजवीकडे आहे ते तिथेच. ज्या माणसाला कॉम्प्युटर हा छंद नाही, काम आहे, त्याला दर वर्षी बटणं शोधत बसायला लावणं हा त्याच्या वेळेचा अपमान आहे, आणि मिंटवाले तो करत नाहीत.

बरं, आता ती दुपार. मिंटच्या साइटवरून फाइल घ्यायची, तिथे डेस्कटॉपची वेगवेगळी रूपं असतात, त्यातलं सिनॅमन घ्या, रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई घ्या, ते हलकं आहे. मशीन ६४ बिटचं पाहिजे हे लक्षात ठेवा, ३२ बिटवर ही आवृत्ती चालत नाही. फाइल उतरली की तपासून घ्या, आणि हे मी औपचारिकता म्हणून सांगत नाहीये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइटच हॅक झाली होती, हल्लेखोराने डाउनलोडची लिंक बदलून आत चोरदरवाजा असलेली फाइल ठेवली होती, प्रकल्पाने स्वतःहून लगेच जाहीर केलं आणि दुरुस्त केलं, पण त्या दिवशी ज्यांनी डाउनलोड केलं त्यांना तपासणी केली असती तरच कळलं असतं. साइटवर त्या फाइलचा चौसष्ट अक्षरांचा आकडा दिलेला असतो, आपल्या फाइलचा आकडा काढायचा आणि दोन्ही जुळतात का बघायचं. कसं काढायचं तेही तिथेच लिहिलंय, पाच मिनिटांचं काम आहे.

मग रुफस किंवा एचर यांपैकी कुठलंही सॉफ्टवेअर वापरून ती फाइल पेन ड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, आणि पेन ड्राइव्हवर आधीचं जे काय असेल ते सगळं जाणार, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह लावायचा, चालू करताना बूट मेनूचं, म्हणजे मशीन कशावरून चालू करायचं ते निवडायच्या यादीचं, बटण दाबत राहायचं, डेल आणि लेनोव्होला बहुतेक वेळा एफ १२, एचपीला एफ ९, असूसला एस्केप. यादीत पेन ड्राइव्ह निवडला की मिंटचा मेनू येतो, पहिली ओळ निवडा. स्क्रीन काळीच राहिली तर पुन्हा चालू करून दुसरी ओळ, कम्पॅटिबिलिटी मोडची, ती घ्या, ग्राफिक कार्ड असलेल्या मशीनवर बऱ्याचदा तीच लागते.

आता समोर मिंट चालू आहे आणि तुमच्या हार्ड डिस्कला हात लागलेला नाही. सगळं रॅममध्ये चाललंय, बंद केलं की गेलं. डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं एक चिन्ह असतं, त्याच्याकडे अजिबात बघू नका. बहुतेक लोक इथे काय करतात, वॉलपेपर बदलतात, मेनू उघडझाक करतात, छान आहे म्हणतात आणि इन्स्टॉल दाबतात, आणि मग आठवड्याने कळतं की प्रिंटर चालत नाही. त्यापेक्षा तुम्ही रोज जे काम करता तेच इथे करून बघा, त्याच क्रमाने.

वायफाय जोडा. यादीच दिसत नसेल तर घाबरू नका, मोबाइल यूएसबी केबलने लावून यूएसबी टिथरिंग चालू करा, नेट लगेच येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तुमच्या वायफायच्या चिपला ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, असेल तर तो तिथे दिसेल. एक व्हिडिओ लावून आवाज बघा, हेडफोन लावून बघा, कॅमेरा बघा, झाकण मिटून परत उघडा आणि मशीन जागं होतं का तेही बघा, हे शेवटचं लोक विसरतात. मोबाइलमधले फोटो केबलने येतात का बघा. प्रिंटर जोडा आणि खरोखर एक कागद काढा. गेल्या काही वर्षांतले वायफायवाले प्रिंटर बहुतेक करून ड्रायव्हर न टाकताच चालतात, पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि छोट्या ऑफिसांत ते जुने छोटे लेझर प्रिंटर असतात ना, त्यातले काही फार त्रास देतात, आणि ते इथेच कळलेलं बरं.

आणि मग मराठी. याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्यासाठी खरी परीक्षा हीच आहे. वाचायला काही अडचण नाही, देवनागरी दिसतंच. लिहायला, सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथे अधिकच्या चिन्हावर जाऊन मराठी शोधा आणि इनस्क्रिप्टवालं निवडा, ती मराठी अक्षरांची कीबोर्डवरची ठरलेली मांडणी. खाली पॅनेलवर भाषेची खूण येते, तिथून इंग्रजी-मराठी बदलता येतं. आता लिबर ऑफिस, म्हणजे मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर, उघडून एकच शब्द टाइप करा, दुसऱ्या. ओ दाबला की द, जी दाबला की उकार, एम दाबला की स, मग शिफ्ट धरून जे, मग डी म्हणजे पाय मोडायची खूण, मग स्लॅशवर य, आणि ई वर काना. र चं ते आडवं छोटं रूप नीट उमटलं, य ला व्यवस्थित जोडून आलं, तर कीबोर्ड आणि फॉन्ट दोन्ही ठीक आहेत असं धरा. हाच शब्द मी प्रत्येक नव्या आवृत्तीवर सगळ्यात आधी टाइप करते, कारण गडबड असली तर इथे लगेच दिसते. झारावर तो पहिल्या फटक्यात बरोबर आला.

ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही आणि इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्यात एम१७एन नावाचं भाषांचं पॅकेज टाकायचं आणि मराठी आयट्रान्स ही उच्चाराची पद्धत निवडायची. फक्त ते टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं, त्यामुळे पेन ड्राइव्हवर चालवताना जरा कटकटीचं होतं, इन्स्टॉल झाल्यावर करा. पण माझं मत विचाराल तर इनस्क्रिप्ट शिकाच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं, हात बसला की कुठल्याही मशीनवर, विंडोज असो की लिनक्स, तुम्ही तसंच टाइप करता.

डीटीपीवाल्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा. तुमच्या वर्षानुवर्षांच्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांमध्ये असतील तर त्या इथे उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसेल, कारण आत युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखीच चालणारी अक्षरं, नाहीतच, फॉन्टने इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले आहेत. दोष मिंटचा नाही, पण काम तुमचं अडेल. तसंच टॅली विंडोजवरच चालतं, फोटोशॉप आणि कोरल ड्रॉ लिनक्ससाठी मिळत नाहीत. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरून टेंडर भरणाऱ्यांनी ते टोकन आधी लावून बघावं. यांतलं एकही तुमच्या पोटापाण्याचं असेल तर ते मशीन विंडोजवर राहू द्या आणि दुसऱ्या मशीनवर मिंट टाका. लिनक्स मला मनापासून आवडतं म्हणूनच सांगते, ज्याचं काम अडतं तो माणूस परत कधी लिनक्सकडे बघत नाही.

सगळं जमलं, आता इन्स्टॉल करायचंय, तर आधी आपला डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि घेतलेली फाइल उघडून बघा. विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकायचं असेल तर विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर तो डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडतो आणि मिंटमधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. इन्स्टॉलर विचारतो की डिस्क पुसून टाकायची की शेजारी टाकायचं, तिथे घाईने पुढे जाऊ नका, ओळ वाचा. गाणी-व्हिडिओ चालायला लागणारे कोडेक टाकायचे का असंही विचारतो, तिथे टिक करा.

हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर खरं सांगते, आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या. ४ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं जुनं मशीन मिंटवर ब्राउझर, मेल, लिबर ऑफिस आरामात चालवतं, पण तेच फिरणाऱ्या डिस्कवर रडत चालतं आणि शिव्या बिचाऱ्या मिंटला बसतात.

इन्स्टॉल झाल्यावर सगळ्यात आधी टाइमशिफ्ट नावाचं अ‍ॅप उघडून एक स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या घडीची प्रत, घ्या. पुढे एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर सिस्टिम त्या दिवशीच्या अवस्थेत परत नेता येते. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र तो सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. घरात दोन कॉम्प्युटर असतील तर वार्पिनेटर वापरून बघा, एकाच वायफायवर असले की फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर सरळ जाते, पेन ड्राइव्ह नको, इंटरनेट नको. मला मिंटमधलं हे सगळ्यात उपयोगी पडलेलं अ‍ॅप आहे.

ज्यांच्याकडे आधीपासून २२ किंवा २२.१ आहे त्यांना हे पेन ड्राइव्हचं काहीच करायला नको. स्नॅपशॉट घ्या, अपडेट मॅनेजर उघडा, सगळे अपडेट संपवा आणि त्याच्याच एडिट मेनूत नव्या आवृत्तीवर जायची ओळ दिसेल तिच्यावर क्लिक करा. सगळं ठीक चाललेलं असेल आणि नव्यातलं काही नको असेल तर न केलं तरी चालतं, सिक्युरिटीचे अपडेट तुम्हालाही २०२९ पर्यंत येतच राहणार आहेत.

आणि वापरायला लागलात, काम भागायला लागलं, तर मिंटच्या साइटवर देणगीची सोय आहे, जमेल तेवढे पाठवा. हा प्रकल्प देणग्यांवर आणि प्रायोजकांवर चालतो, आणि दर महिन्याला कुठून किती आलं ते तिथे जाहीर करतात.

अजून एक, काम झाल्यावर तो पेन ड्राइव्ह परत साधा करायचा असेल तर मिंटच्या मेनूत यूएसबी स्टिक फॉरमॅटर आहे, त्याने करा. पण मी म्हणेन की तसाच राहू द्या, शेजारच्यांचाही लॅपटॉप विंडोज १० वरच असेल. नमस्कार.