अर्कचित्रातला लेखक

हा माणूस नीट पाहा. अंगकाठी एवढीशी आणि वर केवढं ते डोकं! त्यावर तांबड्या केसांचं रान. हा इंग्रज कवी स्विनबर्न. १८७४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकानं तो असा छापला.

चित्रकार कार्लो पेलेग्रिनी, इटलीतल्या कापुआ गावचा. सही करायचा ‘एप’, म्हणजे वानर. १८६९ च्या जानेवारीत त्यानं काढलेल्या डिझरायलीपासून या रंगीत अर्कचित्रांची सुरुवात झाली. डिझरायली नुकताच ब्रिटनच्या पंतप्रधानपदावरून उतरला होता. पण कादंबरीकारही होताच. पुढं कवी टेनिसन आला, कवी ब्राउनिंग आला, लेखक ऑस्कर वाइल्ड आला.

मूळ चित्र जलरंगातलं. कारागीर ते दगडावर उलटं उतरवायचा आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या, त्या याच रंगीत शिळाछापातून.

१८७३ मध्ये लेस्ली वॉर्ड हा तरुण ‘स्पाय’ या नावानं साप्ताहिकात आला. स्पाय म्हणजे हेर, आणि त्याची पद्धतही हेराचीच. न्यायालयात, व्याख्यानाला, रस्त्यात माणसाला डोळ्यांत साठवायचं आणि घरी येऊन आठवणीनं काढायचं. समोर बसवलेला माणूस सावरून बसतो. बेसावध माणसाची चाल, खांद्यांचा बाक, बोटांची सवय खरी असते. मला त्याची सुरुवातीची चित्रं फार आवडतात. पुढं ती सभ्य झाली, नुसती पोर्ट्रेट होत गेली. पेलेग्रिनीची धार त्यांत उरली नाही.

त्या पहिल्याच वर्षी त्यानं अँथनी ट्रॉलपला गाठलं. पोस्टखात्यात नोकरी करता करता, पहाटे घड्याळ समोर ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहिणारा हा कादंबरीकार. एका स्नेह्याच्या घरी दोघांची गाठ पडली. वॉर्ड त्याला निरखत राहिला. आपण कशासाठी आलोय, ते बोलला नाही. ५ एप्रिलच्या अंकात चित्र आलं. भरघोस दाढी, चष्मा, हातात सिगार. ट्रॉलप भयंकर संतापला.

साऱ्या कादंबऱ्यांत दुसऱ्यांच्या चालीरीतींचे बारकावे टिपणाऱ्या माणसाला कुणीतरी गुपचूप टिपलं होतं. त्याचा राग मला समजतो. तरीही ट्रॉलपचं नाव काढलं की डोळ्यांपुढं येते ती हीच दाढी आणि हाच सिगार.